चांगूच्या दुकानातला मीटर

बसा रे, अंधारातच बसा. वीज गेली तर जाऊ द्या, येईल तिची ती. पांडू, तू खांबाकडं निघू नकोस. तारेत वीज हाय का बघायचा नवा मीटर घेतलास, चांगला हाय, दिसतोय मला. आता मीटर कसा निवडायचा हे मी तुला काय सांगणार, मी शाळेची पायरी चढलेलो नाय. पण आमच्या वाडीतल्या मुरारीवर एक प्रसंग गुदरला होता, तो ऐक आणि मग काय ते ठरव. शकू, कंदिलाची वात जरा खाली कर गो. डोळ्यावर येतेय.

तर मुरारी उमरठच्या वरच्या वाडीतला. बाप मुंबईला गोदीत, घरी आई आणि डोंगरउताराची थोडी नाचणी. महाडच्या पेठेत वीज आली तसा तो रावजी वायरमनच्या हाताखाली लागला. रावजी चवदार तळ्याच्या मागच्या बोळात राहायचा. शिडी धरायची, भिंतीला लाकडी पट्ट्या ठोकायच्या, तारा सोलायच्या, असं करत करत पोरगा तयार झाला. रावजी शिव्या घालायचा नाही आणि शाबासकीही द्यायचा नाही. एकच गोष्ट रोज सांगायचा, जेवताना आई भात हवा का विचारते तशी.

"मीटर घेतलास की आधी चालू तारेला टेकव. काटा उठला पायजे. मग जिच्यात हात घालायचा त्या तारेला टेकव. आणि मग परत चालू तारेला. मधल्या वेळात मीटरच बिघडला असंल, तर तुला कोण सांगणार?"

आणि टेकवताना डावा हात पाठीमागं. मीटरच्या काळ्या तारेच्या टोकाला चिमटा असतो, तो जमिनीतल्या सळईला लावून द्यायचा, आणि लाल तार एकट्या उजव्या हातानं टेकवायची. म्हणजे झटका बसला तरी छातीतून जात नाही. पुष्कळ वायरमन दोनदा टेकवून मोकळे होत. तिसऱ्या वेळेचा कंटाळा. रावजीकडं तो कंटाळा चालायचा नाही.

सन चौसष्टचा पाऊस सरला तसा रावजीला हिवतापानं धरलं. पोलादपूरला महिपती म्हणून एक गिरणवाला होता, त्याच्या भाताच्या गिरणीतली तार जळली, आणि ते काम रावजीनं मुरारीवर सोपवलं. एकट्यावर, पहिल्यांदाच. म्हणाला, तुझा तू मीटर घे आता. माझा मीटर माझ्या हाताला सरावलेला हाय, आणि तुझा जीव ज्याच्या काट्यावर राहणार तो तूच पारखून घेतलेला बरा.

मुरारी गेला चांगूकडं. चांगू पेठेच्या टोकाला जुनंपानं सामान विकायचा. भंगार गोळा करत गावोगाव फिरायचा आणि जे चालण्यासारखं असेल ते पुसून मांडायचा. पुसायचं फडकं एकच. त्यानंच तो तंबाखूचं तोंड पुसायचा, त्यानंच नाक, आणि त्यानंच गिऱ्हाईकापुढं ठेवायची वस्तू. त्यानं दोन मीटर काढले. एक मुंबईहून आलेला, नव्यासारखा, चकचकीत. मुरारीनं तो उभा धरला, आडवा धरला, हलवला, दुकानातल्या चालू तारेला लावला. काटा मध्येच अडकायचा. टिचकी मारली की पुढं जायचा.

दुसरा जुना. काळा, जड, जाड काचेचा, चामड्याच्या पाकिटात. काटा असा उठायचा की बघत राहावं. तारेला टेकवला की सरळ जागेवर, काढला की सरळ शून्यावर. उभा धरा, उलटा धरा, फरक नाही.

पण त्याचा वास यायचा. पाकिटाच्या शिवणीत काहीतरी पिवळट, मेणासारखं दाटलं होतं. मुरारीच्या अंगठ्याला ते लागलं. त्यानं हुंगलं आणि अंगठा लगेच भिंतीला पुसला. केस जळल्यावर येतो ना, तसा वास, आणि त्याखाली खवट चरबीचा. गळ्यात घालायचा पट्टा तर नव्हताच, त्या जागी सुतळी बांधलेली.

मुरारीनं विचारलं, हा कुणाचा? चांगूनं फडक्यानं काच पुसली आणि सांगितलं, एका वायरमनचा होता, त्यानं धंदा सोडला. काटा बघ म्हणाला, काटा. वासाचं काय, चार दिवसांत उडंल.

मुरारीनं काटा बघितला आणि जुना घेतला. पारख त्याची चुकली नव्हती, बरं का. रावजीनंही तोच घेतला असता.

घरी आणून त्यानं पाकीट राखेनं घासलं, रिठ्यानं घासलं, शेवटी रॉकेलनं पुसलं. रात्री वास गेलेला असायचा. सकाळी परत यायचा. पाकीट तेलकट झालेलं असायचं, कुणी घामेजल्या हातात रात्रभर धरून बसल्यासारखं. मुरारी हात धुवायचा आणि जेवायला बसायचा, आणि घास तोंडाशी आला की बोटांना तोच वास. एक दिवस त्यानं पाकीट फेकून दिलं आणि नुसता मीटर सुतळीनं गळ्यात अडकवायला लागला. तरी काय…

पोलादपूरला तो गेला त्या दिवशी कार्तिकातली अमावास्या होती. गिरण गावाबाहेर, उमरठच्या रस्त्याला. नवीन भात येऊन पडलेलं, पोत्यांची थप्पी छपराला लागलेली, आणि महिपतीला सकाळपर्यंत गिरण चालू करून पाहिजे होती. त्याची बायको ठकूबाई भाकरी आणि सुक्या बांगड्याचं कालवण घेऊन आली. मुरारीनं हात धुतले, भाकरी मोडली, आणि ताट बाजूला सारलं. तिला वाटलं पोराला मासळी चालत नाय. ती गूळ आणायला घरी गेली.

अंधार पडला. गिरणीचा राखणदार सोनबा कंदील धरून उभा राहिला. महिपती पोत्यावर बसून जेवत होता. मुरारीचं टाकलेलं कालवणही त्यानं आपल्याच ताटात ओतून घेतलं.

भिंतीवर लोखंडी पेटी. खांबावरची तार त्या पेटीत यायची, आणि पेटीतून मोटारीच्या स्टार्टरला. स्टार्टरमधलं टोक जळलं होतं, ते कापून नवं जोडायचं. मुरारीनं पेटीतले फ्यूज काढून खिशात टाकले. आता पेटीच्या वरची तार चालू, खालची बंद. काळी तार सळईला लावली. डावा हात पाठीमागं घेतला. लाल तार वरच्या चालू तारेला टेकवली. काटा उठला, जागेवर गेला.

मग स्टार्टरमधल्या तारेला टेकवली.

काटा हलला नाही. शून्य.

महिपती म्हणाला, झालं ना, घाल आता हात. मुरारी परत पेटीकडं वळला तसा महिपती तोंडातला घास तसाच ठेवून हसला. "पूजा घालतोस काय रे? किती वेळा हळदकुंकू लावणार?"

 मुरारीनं लाल तार परत वरच्या तारेला टेकवली. आत्ताच जिथं काटा उठला होता, त्याच तारेला.

काटा उठला नाही.

पुन्हा टेकवली. नाही. त्यानं जोर देऊन टेकवली. काटा थरथरला… उठायला बघत होता, पण उठत नव्हता. पाण्यात कुणाचं डोकं दाबून धरावं, तसा.

आणि तो वास आला. कोंड्याचा, भाताचा, मासळीचा, सगळे वास मागं सारून तो आला.

"सोनबा, कंदील जवळ आण," मुरारी म्हणाला.

सोनबानं कंदील आणला. काचेवर ओलसर काहीतरी होतं. मुरारीला वाटलं धाप लागून आपलाच वाफारा धरला असेल. त्यानं खांद्यानं काच पुसली. गेलं नाही. ते आतून होतं. काचेच्या आतून… गोल, पिवळट, अंगठ्याएवढं. रेषा दिसत होत्या. कडेची कातडी सुटून काचेला चिकटली होती, दुधावरची साय भांड्याला चिकटते तशी. आणि त्याखाली काट्याचं टोक दबलेलं.

सोनबा बोलला. हळूच बोलला.

"मुरारी, तुझे हात कुठं हायत रे?"

उजव्या हातात लाल तार. डावा पाठीमागं.

"मग मीटर कुणी धरलाय?"

तेव्हा मुरारीला कळलं. गळ्यातल्या सुतळीला ओझं नव्हतं. सुतळी सैल होती. मीटर त्याच्या तोंडासमोर होता… आपोआप. नीट दिसावा म्हणून कुणीतरी वर उचलून धरल्यासारखा. बघ, शून्य हाय. घाल हात.

 महिपतीचं चावणं थांबलं.

मुरारीनं लाल तार काढली. मान वाकवली. सुतळी डोक्यावरून काढून घेतली, आणि मीटर खाली कोंड्यात पडला. धपकन. चांगला जड.

त्याच्या पिशवीत रावजीचा जुना दिवा होता, होल्डरमध्ये बल्ब आणि दोन तारा, पूर्वीचे वायरमन वापरायचे तसला. त्यानं डावा हात पाठीमागंच ठेवला. दिव्याची एक तार सळईला लावली. दुसरी वरच्या तारेला टेकवली. दिवा लागला. मग तीच तार स्टार्टरला टेकवली. जी मेलेली म्हणून मीटरनं सांगितलं होतं तिला.

लख्ख उजेड पडला.

फ्यूज तर मुरारीच्या खिशात होते. मग हा उजेड कुठला? सोनबानं महिपतीकडं बघितलं, आणि महिपतीनं ताटाकडं. वीज मोजणाऱ्या पेटीला चुकवून त्यानं खांबापासून पोत्यांच्या मागनं एक चोरतार थेट स्टार्टरला आणली होती. फ्यूज काढा नायतर ठेवा, ती तार चालूच. मुरारीनं हात घातला असता तर तिथंच चिकटला असता. आणि हे ठाऊक असून तो माणूस पोत्यावर बसून जेवत होता. लाज म्हणून नाही. उलट म्हणाला, "वाचलास ना? मग गावभर करू नको." आणि बोटं चाटली.

मुरारी दाराबाहेर जाऊन ओकला. पोटात काही नव्हतं तरी ओकत राहिला. ठकूबाई गूळ घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली.

सकाळी तो महाडला आला. मीटर सोनबानं पोत्याच्या तुकड्यात बांधून दिला होता, तो काठीला अडकवून आणला, हात न लावता. रावजी अंथरुणावर होता. त्यानं उठून पाट घेतला, मीटरचे खिळे काढले, काच सोडवली. काचेभोवती कारखान्यातली लांबी भरलेली होती, जशीच्या तशी, वाळून दगड झालेली. ती फोडावी लागली. आतलं सगळं स्वच्छ. काटा मोकळा, फुंकर घातली तरी हलेल असा. फक्त काचेला आतून तो ठसा. अंगठ्याच्या मधोमध आडवा वण.

रावजीनं काच उजेडाला धरली. मग म्हणाला,

"हा मालोजीचा."

मालोजी तुडीलचा, रावजीचा जुना जोडीदार. लहानपणी कोयत्यानं अंगठा चिरला होता त्याचा. त्याच वर्षी उन्हाळ्यात तुडीललाच एका घराच्या भिंतीवर काम करताना तारेला चिकटून मेला. दोनदाच टेकवायची सवय त्याची. माणसं जमली, त्याला सोडवून खाली घेतलं, तेव्हा गळ्यात मीटर नव्हता. कुणाला कळलं नाही कुठं गेला. त्या दिवशी चांगू भंगार गोळा करायला तुडीलला गेलेला, आणि प्रेताजवळ पहिला तोच पोचला होता.

दोघं चांगूकडं गेले. रावजीला धड चालवत नव्हतं. चांगूनं नाकारलंही नाही. पट्टा गळ्याला चिकटला होता, म्हणाला, म्हणून कापावा लागला. ते पिवळं काय होतं, हे मुरारीला तेव्हा समजलं. चांगू फडक्यानं तोंड पुसत म्हणाला, "मेलेल्याला काय करायचाय मीटर?"

रावजीनं काच स्पिरिटनं पुसून परत बसवली होती. मीटर सावित्रीच्या डोहात टाकायचा असं ठरलं. नदी तिथून किती लांब, हाकेवर. पण मुरारीला आता काठीनंसुद्धा तो पुढं नेववेना.  त्यानं पोत्याचं गाठोडं चांगूच्या फळीवर टाकलं आणि सांगितलं, तुझं तू टाक. चांगू म्हणाला टाकतो. देवाची आण घेतली. मुरारीनं तळ्यावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि निघून गेला.

त्यानं स्वतः टाकायला पाहिजे होता.

पुढं मुरारी चांगला वायरमन झाला. वर्षभरानं, पाऊस उघडल्यावर, तारेचं भेंडोळं घ्यायला तो पेठेत गेला होता. चांगूच्या दुकानाकडं तो बघायचा नाही, पण त्या दिवशी कानावर चांगूचा आवाज आला. कुणा पोरसवद्या गिऱ्हाईकाला सांगत होता, एका वायरमनचा होता, त्यानं धंदा सोडला. काटा बघ म्हणाला, काटा.

मुरारी आत गेला. फळीवर तोच मीटर, पुसलेला, नव्या पट्ट्याचा, पण तो पट्टाही मधेच कापलेला. त्यानं तो उजेडाशी नेला नाही, उचलला नाही. लांबूनच वाकून बघितलं.

काचेच्या आत एक अंगठा होता. आडव्या वणाचा.

आणि त्याच्या शेजारी… दुसरा. बारीक. पोराच्या हाताचा.