सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला

कवडू रामटेके पंचफुलेच्या आयुष्यात आला तो घामाचा एक थेंब सांडत. सुरुवात काही फार शोभेची नव्हती, हे मान्यच करायला हवं.

१९६० सालचा डिसेंबर. भिलाईची पहिली भट्टी पेटून दोन वर्षं होत आली होती आणि सेक्टर दोनच्या नव्या क्वार्टरांना अजून ओल्या चुन्याचा वास येत होता. पंचफुला कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होती. साहेबांनी पेन्सिलीने काढलेले नकाशे ट्रेसिंगच्या निळसर कापडावर काळ्या शाईने उतरवायचे, हे तिचं काम. त्या महिन्यात तिच्या टेबलावर राजहऱ्याचा डोंगर होता. कारखान्याचं लोखंड त्याच डोंगरातून यायचं. सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या बारीक रेघा, एकीत एक, एकीत एक... डोंगर तिने कधी पाहिला नव्हता, पण त्याची वळणं बोटांना पाठ झाली होती.

त्या दुपारी दार धाडकन उघडलं. सर्व्हे पार्टीचा एक खलाशी, म्हणजे मोजणीवाल्यांचा हरकाम्या, पळतच आत आला. लांबसडक पाय, अंगावर लाल धूळ, बगलेत मोजमापाची वही. वही द्यायला तो टेबलावर वाकला आणि कपाळावरचा घाम टपकन नकाशावर पडला.

त्या कापडाला पाणी लागलं की संपलं, खळ विरघळते. पंचफुलेच्या डोळ्यांदेखत आठ दिवसांच्या मेहनतीवर रुपयाएवढा डाग पसरला आणि त्याखालच्या रेघा पुसून गेल्या.

"गलती होऊन गेली..." तो पुटपुटला.

"तुमाले दार वाजवून, चालत येता येत नाही का?"

"चालणं जमत नाही मले," तो खरंच ओशाळून म्हणाला. "झेंडी घेऊन दिवसभर डोंगरावर पळाचंच काम हाय. पाय ऐकत नाही."

तिला हसू आलं, ते तिने शाईच्या दौतीकडे बघत गिळलं. "आता इथं काय होतं ते कोण सांगंन?"

"मी सांगतो ना." त्याने डागावर बोट धरलं, मग बोटाची धूळ पाहून चटकन मागे घेतलं. "इथं दोन टेकाडांच्या मधात कोरडा नाला हाय. वरून पाह्यलं तर वाटते, कडाच हाय, उतरता येणार नाही. पण बेहड्याच्या झाडाजवळून डाव्या बाजूनं उतरलं, का पायऱ्या असल्यासारखे दगड लागते. सिद्धा खाली, रस्त्यावर. माह्याबिगर कोणालेच माहीत नाही."

"आता मले बी माहीत झालं."

"हो," तो म्हणाला आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "आता दोघाले."

पंचफुलेने तो तुकडा त्याच्या बोलण्यावरून पुन्हा काढला. कवडूने मान डोलावली. मुख्य ड्राफ्ट्समन श्यामराव सगळ्या ऑफिसला धारेवर धरायचे, पण त्यांनाही तो डाग शोधून सापडला नाही.

त्यानंतर दर शनिवारी वही द्यायला कवडूच येऊ लागला. येण्याआधी नळावर तोंड धुवायचा, दार वाजवायचा, दोन हात लांब उभा राहायचा. बोलायचा मात्र डोंगराबद्दलच. पहाटेचं धुकं नाल्यानाल्यांत कसं भरतं, सालाच्या पानांवरून दव कसं गळतं, चढावर सुरुवातीला छाती फुटेल असं वाटतं आणि मग एकाएकी पाय हलके कसे होतात...

"एकडाव पळून पाहा तुमी," तो म्हणायचा.

"लुगडं नेसून?"

"कासोटा मारून पऱ्हाटी निंदता येते, पळता नाही येत का?"

"निंदताना पाहणारं कोणी नसते."

"मी डोळे मिटून घेईन ना," तो गंभीरपणे म्हणायचा. शनिवार संध्याकाळची तिची रेघ हटकून जाड यायची.

जानेवारीच्या मध्यावर तो आला आणि डोंगराबद्दल काहीच बोलला नाही. वही ठेवली आणि उभाच राहिला.

"पार्टी बस्तरले जाऊन राहिली," शेवटी म्हणाला. "एक फेब्रुवारीले. दोन वर्षं. आमी टेंपरवारी लोकं... जिकडं पाठवलं तिकडं जाचं."

पंचफुलेने लेखणी दौतीत बुडवली, पुन्हा बुडवली. "तिथं डोंगर मोठे असंन."

"मोठे हाये म्हणते. चिठ्ठी महिन्यानं पोचते म्हणते."

तो गेल्यावर तिला कळलं, आपल्याला रडू येतंय. एवढी शहाणी, मॅट्रिक झालेली, नागपुराहून ड्रॉइंगची परीक्षा पास करून आलेली मुलगी, आणि एका पळणाऱ्या माणसापायी रडतेय. तिला स्वतःचा रागच आला. पण रडू काही थांबलं नाही.

चार दिवसांनी ऑफिसच्या फळ्यावर कागद लागला. राजहऱ्याच्या डोंगरावर कामगारांची शर्यत. पायथ्यापासून माथ्यावर, माथ्यावरून पलीकडच्या धारेने मोठा वळसा घालून परत पायथ्याला. पहिले तिघे कारखान्याच्या संघात, पक्क्या नोकरीवर. म्हणजे भिलाईतच. पंचफुलेने तो कागद तीन वेळा वाचला.

माथ्यावर बिल्ले सांभाळायला माणूस हवं होतं. मागच्या शर्यतीत दोघं-तिघं झाडाआडूनच परतले होते, म्हणून खेळाचे सेक्रेटरी भैय्याजी यांनी टाइम ऑफिसातून जुने पितळी बिल्ले मागवले होते. प्रत्येकाने माथ्यावरच्या फळीवरून आपल्या नंबरचा बिल्ला काढायचा आणि खाली टेबलावर ठेवायचा. बिल्ला नाही, तर नंबर नाही.

"डोंगराची माहिती कोणाला आहे?" श्यामरावांनी विचारलं.

"मले," पंचफुला म्हणाली. ज्या डोंगरावर तिचं पाऊलही पडलं नव्हतं, त्याबद्दल ती हे इतक्या ठामपणे म्हणाली की श्यामरावांनी लगेच नाव लिहून घेतलं.

घरी बाबांना, जानरावांना, विचारायचं होतं. ते कारखान्यात फिटर. शेजारच्या क्वार्टरमधल्या नर्स सिंधुताई सोबत येणार म्हटल्यावर त्यांनी हो म्हटलं, आणि बिल्ल्याचं नाव निघताच आपली नेहमीची गोष्ट सुरू केली. कारखान्यात शिरताना बिल्ला फळीवर टांगायचा, बाहेर पडताना काढून न्यायचा. फळीवर बिल्ला राहिला तर माणूस आतच आहे असं समजायचं. एकदा जानराव बिल्ला काढायलाच विसरले. "पुरी शिफ्ट मले भट्टीमांग, पाण्याच्या टाकीत हुडकून राहिली होती," ते म्हणाले, "आन् मी घरी भाकर खाऊन राहिलो होतो. तुही माय वाढून राहिली होती." आई, गिरजाबाई, चुलीपाशी पदर तोंडाला लावून हसल्या. कितीदाही ऐकली तरी त्या तशाच हसायच्या.

शर्यतीच्या सकाळी माथ्यावर धुकं होतं. पंचफुला पहिल्यांदाच डोंगर बघत होती आणि तिला सगळं ओळखीचं वाटत होतं. हे टेकाड, ती धार, तो बेहडा. झाडाला टेकवलेल्या फळीवर साठ बिल्ले खिळ्यांना लटकत होते. सिंधुताई माठातलं पाणी पेल्यांत ओतत होत्या.

पहिला आला, बिल्ला ओढून गेला. दुसरा आला. मग धुक्यातून लांबसडक पाय आले, आणि पंचफुलेच्या छातीत असं काही झालं की जणू चढ तीच चढून आली होती.

तिने पेला पुढे केला. कवडूने तो दोन्ही हातांनी घेतला. पाणी पिता पिता तो पेल्यावरून तिच्याकडे बघत राहिला. तिने पदर खोचला होता, केसांत दव होतं.

"कसा वाटला डोंगर?" त्याने विचारलं.

"तुमी सांगतला तसाच." मग तिला भान आलं. "जा ना... थांबता कायले?"

तो हसला, पेला तिच्या हातात दिला आणि धारेवरून पळत सुटला. धुक्यात त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत पंचफुला बघत उभी राहिली. मग वळली.

कवडूचा सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला खिळ्यावर तसाच होता.

आधी तिने त्याला हाक मारायला तोंड उघडलं. मग हळूहळू, थंडीतल्या उन्हासारखी, एक ऊब अंगभर चढत गेली. फळीवर बिल्ला राहिला म्हणजे माणूस आतच आहे. हे तर कारखान्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक. त्याने सांगितलं होतं... तोंडाने जमलं नाही, म्हणून असं सांगितलं होतं. मी जातोय, पण इथेच आहे, तुझ्यापाशी. पंचफुलेच्या डोळ्यांत पाणी तरळलं. पाठोपाठ भयंकर संताप आला. वेडा का खुळा हा माणूस. सांगण्यापायी जागा घालवून बसला.

"ताई, तुमी फळी पाहा." तिने बिल्ला ओढला, तोंडात धरला, लुगड्याचा कासोटा घट्ट मारला.

"अवो, कोठं चालली? तिकडं कडा हाय."

"कडा नाही, नाला हाय. मीच काढला तो," पंचफुला म्हणाली आणि बेहड्याच्या डाव्या बाजूने उतरली.

पहिली दहा पावलं भीतीची होती. मग दगड पायांखाली येऊ लागले, एकाखाली एक, त्याने सांगितल्याप्रमाणे. डाव्या पायातली चप्पल तुटली, ती तिने सोडून दिली, मग उजवीही. ओली पानं, थंड माती, फांद्यांवरून मानेवर पडणारं दव. छाती फुटेल असं वाटलं, आणि मग एकाएकी पाय हलके झाले. ते खरं होतं तर. ती पळत होती, नव्हे, डोंगर तिला खाली सोडत होता, आणि तोंडात पितळेची कडवट चव असतानाही तिला हसू येत होतं.

ती रस्त्यावर आली तेव्हा वळणावरून कवडू येतच होता. तो थबकला. अनवाणी, लाल धुळीने माखलेली, तोंडात बिल्ला धरलेली पंचफुला. असलं काही त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"घे." तिने बिल्ला त्याच्या हातावर आपटला. ‘तुमी’ केव्हाच गळून पडलं होतं. "शहाणाच हायेस. फळीवर बिल्ला ठेवून तू बस्तरले गेला असता, तर मी काय दोन वर्षं त्या खिळ्याकडं पाहत बसू? समजलं मले तुह्या मनातलं. मले बी तू पायजेस. पण असं सांगते का कोणी?"

कवडूने हातातल्या बिल्ल्याकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. कमरेचा खिसा चाचपला.

"मी... विसरलो होतो," तो म्हणाला.



"विसरला?"

"तुह्या केसांत दव होतं. ते पाहून राहिलो होतो... बिल्ल्याचं ध्यानातच नाही राह्यलं."

पंचफुलेला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. जानरावांची भाकर तिला आत्ता आठवली. ती दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी राहिली. तेवढ्यात मागून एक जण धापा टाकत आला आणि दोघांना वळसा घालून पुढे निघून गेला.

"काय म्हणली तू?" कवडू विचारत होता. "मले बी... काय? पुन्हा सांग ना."

"तो तिसरा गेला," ती हातांआडून म्हणाली. "पळ."

"सांगतल्याबिगर नाही पळत."

"खाली येईन तवा सांगंन. पळ ना, बापा."

तो पळाला. पाय जमिनीला लागत नव्हते म्हणतात ते खोटं नसावं. पंचफुलेने निदान तसं पाहिलं.

ती चालत, ठेचकाळत पायथ्याला पोचली तोवर उन्हं आली होती. चुन्याच्या रेघेपाशी गर्दी होती. तिला पुढे जायचा धीर होईना. मग गर्दी जरा हलली आणि तिला झेंडूच्या माळा घातलेले तिघे दिसले. तिसरा सगळ्यांत उंच होता आणि माळेसकट टाचा उंचावून कोणाला तरी शोधत होता. भैय्याजींच्या वहीत नाव लागलं होतं. तो भिलाईतच राहणार होता.

दुपारी सिंधुताई जीपमधून फळी घेऊन उतरल्या. पंचफुलेच्या पायांकडे बघून त्यांनी काही विचारलं नाही, फक्त आयोडीनची बाटली काढली. मग पंचफुला झाडाखाली बसून बिल्ले परत खिळ्यांना लावू लागली. पंचेचाळीस, सेहेचाळीस... पुढचा खिळा रिकामाच होता. टेबलावर पाहिलं, टोपलीत पाहिलं.

समोर लांबसडक पाय येऊन उभे राहिले. एका हातात तिच्या दोन्ही चपला होत्या. नाल्यातून हुडकून आणल्या होत्या, आणि डाव्या चपलेच्या तुटलेल्या अंगठ्याला झेंडीचा लाल दोरा बांधला होता.

कवडूने त्या तिच्यापुढे ठेवल्या. मग नाव लागल्यावर टेबलावरून गुपचूप परत उचललेला सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला खिशातून काढला, सावकाश, खिळ्यावर लटकवला आणि हात मागे घेतला.

पंचफुलेने मान वर केली नाही. ओठ मात्र हसत होते. "का रे... विसरला का?"

"नाही," तो म्हणाला. "या खेपेला ठेवला."