सेन्सरच्या पुढची हवा

राहीलभाईची गाडी काळा धूर ओकत गॅरेजात शिरली, तेव्हा अब्बांच्या आधी मी उठले. म्हसळ्याहून श्रीवर्धनला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गॅरेज. मी दहावीत आहे, आणि गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर माझ्याइतका भरभर अख्ख्या तालुक्यात कुणी चालवत नाही. हे माझं म्हणणं. अब्बांचं म्हणणं, "अनम, आधी पाना नीट धर."

राहीलभाई माझा चुलतभाऊ. कुवेतहून सुट्टीवर आला की जुन्या गाडीवर प्रयोग करतो. यंदा टर्बो बसवला होता.

"नुसतं पेट्रोल पितेय गं. मुंबईच्या दोघा मेकॅनिकांनी हात टेकले."

"मी शोधते!"

अब्बा हसले नाहीत. "असरच्या अजानपर्यंत शोधलंस तर दहावीनंतर आयटीआय. नाहीतर आर्ट्स, आणि गॅरेजात पाय ठेवायचा नाही. जुबान दिली."

असर म्हणजे तिसऱ्या प्रहरची नमाज. दोन तास होते.

प्लग काढले. काजळीनं काळे. गाडी रिच चालत होती, म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त. इंजेक्टर गळत नव्हते. फिल्टर साफ. ऑक्सिजन सेन्सर बदलून पाहिला, तरी तेच. हवेचा सेन्सर बरोबर मोजत होता, कॉम्प्युटर तेवढंच पेट्रोल सोडत होता, पण इंजिनापर्यंत तेवढी हवा पोचतच नव्हती. मधल्या पाइपातून गळत असणार! मी साबणाचं पाणी लावलं.

एक बुडबुडा आला नाही.

"हा पाइप कुठला रे?" अब्बांनी विचारलं. जाड ॲल्युमिनियमचा होता, आतून पांढरं मीठ धरलेला.

"बंदरावरचा. एका होडीच्या इंजिनाचा. मालकानं फुकट दिला."

"बंदरावर कुणी काही फुकट देत नाही," अब्बा हळूच म्हणाले, आणि त्यांनी पाइपावरचा हात काढला.

मी इंजिन बंद केलं. चावी फक्त ऑन ठेवली. आता स्कॅनरवर हवेचा आकडा शून्य हवा.

शून्य. मग दोन. मग शून्य. मग दोन.

वायर हलवली. सेन्सर बदलला. शून्य, दोन. मी घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला सोळा. विज्ञानाच्या पुस्तकात तक्ता आहे, स्वस्थ बसलेल्या माणसाच्या श्वासांचा. पंधरा ते अठरा.

"वारा असेल," राहीलभाई म्हणाला.

बाहेर माडाची झावळी हलत नव्हती.

मी पाइपाच्या तोंडावर तळहात ठेवला. ओढ लागली. मग दमट, कोमट हवा बोटांतून बाहेर आली. हात दाबून धरला.

स्क्रीनवरची शून्य-दोनची ये-जा वाढली. मिनिटाला वीस. अठ्ठावीस. चाळीस.

"हात काढ!" अब्बा ओरडले.

काढला. हवेचा आकडा दोनवरून एकदम नऊवर गेला, बराच वेळ तिथेच राहिला, मग सावकाश उतरला.

असरला दहा मिनिटं होती.

"ड्रिल द्या, अब्बा. सेन्सरच्या पुढे भोक पाडते."

"हवा मोजून झाल्यावर भोक? वेड लागलंय? गाडी चालायची नाही."

"इंजिनाची हवा इंजिनाला मिळेल. बाकीची..." मी पाइपाकडे बोट केलं.

अब्बांनी स्क्रीनकडे पाहिलं. मग ड्रिल दिलं.

भोक पाडलं. स्टार्टर मारला. धूर नाही. पेट्रोलचा वास नाही. इंजिन असं गुळगुळीत चालू लागलं की मी ओरडलेच! तेवढ्यात अजान झाली.

"आयटीआय," अब्बा म्हणाले. माझ्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी दुपारी राहीलभाईचा फोन आला. नागावला पोचला होता.

"ॲव्हरेज झकास, उस्ताद! फक्त एक बघ, डाव्या काचेवर आतून वाफ धरतेय. पुसली की परत. बशीएवढा गोल, बस्स."

"बाजूला कोण बसलंय?"

"कोण बसणार? ती सीट तर वजन कमी करायला मी कधीच काढून टाकली."