सोबत गा

ही गोष्ट खरी आहे. तुम्ही विश्वास ठेवाच, असा माझा आग्रह नाही. ती खोटी ठरली असती तर सगळ्यांत जास्त बरं मलाच वाटलं असतं.

घडली ती माझ्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत. घरात तिला सगळे थोरलीच म्हणतात, म्हणून इथेही तेच. रात्रीची गोष्ट नाही, भर दुपारची. ऑफिसात माणसं होती, टेबलांवर अर्धवट प्यायलेले चहाचे कप होते, बाहेर गाड्यांचे हॉर्न वाजत होते. सिनेमाचं नाव मी सांगणार नाही. त्याच्या डिस्क अजून घराघरांत आहेत. कदाचित तुमच्याही.

शाळेतल्या मुलामुलींचा, गाण्यांनी खच्चून भरलेला सिनेमा होता तो. पहिला भाग पोरांनी डोक्यावर घेतला. मग दुसरा भाग आला, तोही चालला. आणि सुट्टीच्या तोंडावर दुसऱ्या भागाची, घरी बसून बघायची डिस्क काढायचं ठरलं.

थोरली डिस्क तपासायचं काम करते. छापायला जाण्याआधी एक नमुना डिस्क येते. ती लावायची, सगळे पर्याय दाबून पाहायचे, खालची अक्षरं वाचायची, आवाज ऐकायचा. खोली लहान. एक टीव्ही, दोन खुर्च्या, भिंतींना फोम. दार लावलं की आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतो.

या डिस्कवर एक जादा गंमत होती. 'सोबत गा'. त्यात गाण्यांमधून नायिकेचा आवाज काढून टाकला होता. वाद्यं होती, मागचा कोरस होता, शब्द खाली सरकत होते. मधली जागा मोकळी. घरच्या पोरींनी तिथे गायचं.

त्या मोकळ्या जागेशी आमच्या घराचा संबंध होता.

आमची आई डमी गायची.

म्हणजे असं, की मोठ्या गायिकेला वेळ मिळेपर्यंत सिनेमाचं काम अडून राहत नाही. दुसरं कुणीतरी तेच गाणं आधी गाऊन ठेवतं. त्यावर नाच बसतो, त्यावर शूटिंग होतं. पुढे गायिका येते, तेव्हा तिच्या कानात डमी वाजवतात आणि ती त्याच्या मागोमाग गाते. मग डमी पुसून टाकायचं.

"मी म्हणजे धावदोरा," आई म्हणायची. "पक्की शिलाई झाली की ओढून काढायचा."

पन्नाशी उलटली तरी तिचा गळा सोळा वर्षांचा होता. दोन्ही भागांतली ती शाळकरी नायिका आधी आईच्याच आवाजावर नाचली. आई सकाळी निघाली की बाबा दारात उभे राहून विचारायचे, "गृहपाठ झाला का? बाई ओरडतील हं!" आणि आई चप्पल घालता घालता त्यांच्याकडे असा कटाक्ष टाकायची, की आम्हाला हसू आवरत नसे.

स्टुडिओत एक रीत होती. काचेपलीकडे बसलेला रेकॉर्डिस्ट हात वर करून 'ओके' देत नाही, तोवर गाणाऱ्याने थांबायचं नाही. चुकलं तरी नाही, ठसका लागला तरी नाही. आईच्या ते अंगात इतकं भिनलं होतं, की घरी गुणगुणायला लागली तरी आम्हाला हात वर करावा लागायचा. तेव्हा कुठे बाई थांबायच्या.

दुसऱ्या भागाचं शेवटचं गाणं गाताना ती गेली. दुसऱ्या कडव्यात खाली बसली. रेकॉर्डिस्ट काका धावत आत गेले, तोवर सगळं संपलं होतं.

तिसरं कडवं राहिलं. ते पुढे दुसऱ्या एका मुलीने गाऊन दिलं.

सिनेमा लागला, चालला. शेवटच्या नामावलीत आईचं नाव नव्हतं. ते कधीच नसायचं.

आणि आता ती नमुना डिस्क थोरलीसमोर आली होती.

तिने 'सोबत गा' लावलं. हेडफोन घातला. पहिलं गाणं सुरू झालं. वाद्यं ठीक. अक्षरं ठीक. नायिकेची ओळ जिथे यायची, तिथे मोकळी जागा…

आणि त्या जागेत कुणीतरी श्वास घेतला.

थोरलीने मागे नेऊन पुन्हा ऐकलं.

श्वास होता. गाण्याआधी घेतात तसा. त्यामागून, अगदी बारीक… शेजारच्या घरातून यावा तसा… एक आवाज ओळ गात होता. वरच्या सुराआधी त्याने हळूच आवंढा गिळला.

असा आवंढा गिळणारी एकच बाई थोरलीला माहीत होती.

तिने काकांना फोन लावला. या डिस्कचा आवाजही त्यांनीच बसवला होता.

"काका, 'सोबत गा'मध्ये आईचं डमी राहिलंय."

"शक्यच नाही. मी स्वतः पुसलंय ते."

"मग गायिकेच्या कानातला आवाज माइकने उचलला असेल."

"अगं, तो उचलला तरी गायिकेच्याच ट्रॅकवर जाणार. तो ट्रॅक तर मी अख्खा काढलाय. मग आवाज राहील कुठे?" काकांचा सूर बदलला. "तू रडतेयस का?"

"नाही."

"बस तिथेच. मी आलो."

काका आले. शर्टाचं एक बटण वरखाली लागलेलं, इतक्या घाईत. खुर्ची ओढून बसले, दुसरा हेडफोन घातला. पहिलं गाणं ऐकलं. दुसरं ऐकलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. जणू चष्म्याने ऐकू येणार होतं.

"ताईच आहेत," ते म्हणाले. आईला ते ताई म्हणायचे.

मग शेवटचं गाणं लागलं.

पहिलं कडवं झालं. दुसरं सुरू झालं. थोरलीने डोळे मिटून घेतले. कुठे थांबणार, ते दोघांनाही माहीत होतं. ती ओळ आली…

आवाज थांबला नाही.

ओळ पुरी झाली. मध्ये वाद्यं वाजली. आणि तिसरं कडवं सुरू झालं. त्याच गळ्यात.

थोरली डिस्क बंद करायला उठली. काकांनी तिचं मनगट धरलं.

"हे कडवं ताई गायल्याच नाहीत," ते कुजबुजले. "कधीच नाही."

गाणं संपलं. वाद्यं विरली. पडद्यावर शेवटचं चित्र थिजलं. हेडफोनमध्ये नुसती शांतता…

"ओके आहे का?"

आईचाच आवाज होता. गाण्यातला नाही, बोलण्यातला. थोडा दमलेला.

काका ताडकन उठले. इतक्या वर्षांची सवय. टीव्हीसमोर उभं राहून त्यांनी हात वर केला. "ओके ताई! एकदम ओके! या बाहेर."

थोडा वेळ काहीच नाही…

"काचेत कुणी दिसत नाहीये," आई म्हणाली. "मी चालू ठेवते."

आणि पहिलं गाणं आपसूक सुरू झालं.

थोरलीने वायर उपटली.

मग थोरली म्हणाली, "तिला कळतच नाहीये, काका. आपण इथून कितीही ओरडलो तरी आपला आवाज आत जात नाही."

"मग आत घालू," काका म्हणाले.

डिस्कचा आवाज त्यांच्या हातात होता. ते आपल्या स्टुडिओत गेले, स्वतःचा आवाज रेकॉर्ड केला. शेवटच्या गाण्यामागून, अगदी हळू, तो बसवला. 'ओके ताई, झालं.' नवी नमुना डिस्क केली. हे सगळं दोन दिवसांत, कुणालाही न सांगता.

पुन्हा तीच खोली. तीच दुपारची वेळ. शेवटचं गाणं संपलं. काकांचा आवाज आला, "ओके ताई, झालं."

शांतता.

कितीतरी वेळ शांतता. थोरलीच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. काकांनी हेडफोन काढायला हात नेला…

"आवाज आला," आई म्हणाली. "हात दिसत नाही."

आणि तिने श्वास घेतला. पुढच्या ओळीसाठी.

हात दाखवायचा तर चित्रात. डिस्कचा आवाज काकांच्या हातात होता, पण चित्र कंपनीच्या. थोरली आपल्या ऑफिसच्या साहेबीणबाईंकडे गेली. बाई तशा चांगल्या. आई गेली तेव्हा घरी येऊन बसल्या होत्या. थोरलीने त्यांना खोलीत नेऊन डिस्क ऐकवली. बाईंनी पूर्ण गाणं ऐकलं, पायाने ठेका धरून.

"छान आहे की. काय प्रॉब्लेम आहे?"

"मध्ये कुणी गातंय…"

"कुणीच गात नाहीये. म्हणून तर 'सोबत गा' ना?"

"बाई, शेवटी फक्त एक हात दाखवायचा. वर केलेला. क्षणभर. बाकी काही नको."

"कुणाचा हात?"



बाईंनी तिच्याकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "हे बघ, चित्रातली एक चौकटही बदलायची परवानगी आपल्याला नाही. आणि सुट्टी लागायच्या आत माल दुकानात गेला पाहिजे. तू पास कर. नाही केलंस तर मी दुसऱ्या कुणाला बसवेन, आणि ती पास करेल." मग तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "आई गेल्यापासून तू एकही रजा घेतली नाहीस. घे थोडी."

थोरलीने रजा घेतली. डिस्क पास झाली. छापली गेली. दुकानांत रांगा लागल्या.

किती घरांत, किती पोरी, दिवसातून कितीदा लावत असतील… थोरलीने हिशोब करायचं सोडून दिलं. झोपताना कानांत कापूस घालायला लागली. तरी भिंतीपलीकडून ते गाणं यायचंच. कधी वरच्या मजल्यावरून, कधी रस्त्यापलीकडच्या खिडकीतून.

एका दुपारी ते शेजारच्या दारातून आलं. शेजारणीची मुलगी, तिला सगळे चिमणी म्हणतात, मैत्रिणींना घेऊन गात होती. थोरलीने बेल दाबली.

"मावशी, ये ना! तू पण गा!"

चार पोरी सोफ्यावर उभ्या, हातात कंगवे, माइकसारखे धरलेले. थोरली दारातच उभी राहिली. पोरींच्या कलकलाटामागे तिला तो आवाज ऐकू आला.

बसलेला. फाटलेला. प्रत्येक ओळीआधी श्वास ओढून घेणारा.

"चिमणे," ती म्हणाली, "मागे कुणी गातंय का गं?"

"हो, ती बाई!" चिमणी म्हणाली. "आम्ही चुकलो ना, की ती सांभाळून घेते."

"आधी छान गायची," दुसरी म्हणाली. "आता दमते."

"काल खोकली," तिसरीने सांगितलं.

गाणं संपलं. थोरली पुढे झाली. टीव्हीच्या अगदी समोर गेली आणि तिने हात वर केला. सरळ, ताठ.

पोरी खिदळायला लागल्या. "काय मावशी, प्रश्न विचारायचाय?"

थोरलीने हात खाली घेतला नाही. तिचं लक्ष टीव्हीच्या आवाजाकडे होतं…

"इतक्या मुली," आई म्हणाली. आवाज जेमतेम उमटत होता. "सगळ्या नीट गाताहेत. मोठं कुणी नाही का इथे?"

चिमणीने रिमोट उचलला. तिने बटणावर बोट ठेवलं आणि थोरलीकडे पाहिलं. "पुन्हा लावू?"

रिमोट हिसकावून घ्यायला थोरलीला एक पाऊल पुरलं असतं. पोरी जरा रुसल्या असत्या, एवढंच. एका घरात तरी, एका दुपारपुरती, आईला विसावा मिळाला असता.

"लाव," थोरली म्हणाली.

आणि ती ऐकायला पोरींच्या पायांशी जमिनीवर बसली.

हे तिने मला सांगितलं तेव्हा मी विचारलं, का? ती म्हणाली, "तू तिथे असतीस तर काय केलं असतंस?"

मी अजून ती डिस्क ऐकलेली नाही. काकांनी स्टुडिओ सोडला. ते फोन उचलत नाहीत. दुकानांतला माल संपला, मागणी मात्र आहे, त्यामुळे कंपनी पुन्हा छापते आहे. नवा नमुना पुढच्या आठवड्यात येईल. तपासायला थोरलीच बसणार आहे. मी तिला नको म्हणायला हवं होतं.

काल तिचा फोन आला होता. खोलीत दुसरी खुर्ची आता रिकामीच असते, म्हणाली. येतेस का?

मी तिला अजून काही कळवलेलं नाही.