घेऊ नका, असं सफा म्हणाली

पेणहून सुटलेली रोह्याची एसटी गच्च भरली होती आणि बाहेर श्रावणसर चालू होती. खिडकीतून घुसलेल्या वाऱ्यानं पुढच्या बाकावरच्या तरुणाच्या हातातला रंगीत नकाशा उडवला, तो नेमका सफाच्या मांडीवर. जमिनीचा नकाशा दिसला की सफाला राहवत नसे. रोह्याच्या कोर्टात वकिली सुरू करून वर्षही झालं नव्हतं, पण खोड जुनी.

"बाग झकास आहे," ती म्हणाली. "फक्त रस्ता दाखवलेला नाही. प्लॉटपर्यंत जायचं कसं? उडत?"

तरुणानं नकाशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे... जरा जास्तच वेळ. "ते इचारायचं राह्यलंच की!"

त्याचं नाव नावेद. मस्कतहून दोन महिन्यांच्या सुट्टीवर आलेला. गडबच्या खाडीकडेला काळुराम नावाचा दलाल प्लॉट पाडून विकत होता. जागा झाली तर घर बांधायचं, गॅरेज टाकायचं आणि इथंच राहायचं. नाही तर परत मस्कत. नागोठणं यायच्या आत त्यानं एवढं सगळं सांगून टाकलं.

मग रोह्यात अष्टमीच्या पुलाजवळच्या तिच्या ऑफिसच्या खोलीवर त्याच्या खेपा सुरू झाल्या.

"वकीलसाहेब, आता काय इचारू?"

ती सांगे. जमीन शेतीची आहे, घराला बिनशेती परवानगी आहे का? मालकाच्या बहिणींचाही हिस्सा आहे, त्यांची संमती कुठाय? काळुराम नुसता "सगलं होतंय" म्हणे. नावेद मात्र एकेक प्रश्न घेऊन गावोगाव हिंडे, आणि येताना फी म्हणून पेणचे पापड आणी. न कळलेल्याला सरळ "नाय कळलं" म्हणणारा पुरुष सफानं कोर्टात अजून पाहिला नव्हता. तिला तो आवडू लागला. फारच.

"पापडांनी डबे भरले गो," हलीमाखाला म्हणाली. सफा या मावशीकडेच राहत असे. "केस संपायची कधी?"

सफा लाजली.

"जागा कधी पाहिलीत?" तिनं एकदा नावेदला विचारलं.

"मागल्या सुट्टीत, मे महिन्यात. दगडासारखी कडक हाय!"

सफानं कपाळाला हात लावला. मे महिन्यात खाडी पाहून कुणी जमीन घेतं? पौर्णिमेच्या उधाणाला ती खालाला सोबत घेऊन त्याच्याबरोबर गडबला गेली.

खाडीच्या बांधाला भगदाड पडलं होतं. खारजमीन ज्याची, त्यानं बांधावर राबायचं, ही तिथली रीत. तिला जोळ म्हणतात. बायामाणसं चिखलाची ढेकळं हातोहात देत होती.

"जमीन घेनारा तूच ना रं?" विमलबाई नावाची शेतकरीण ओरडली. "मंग बघतोस काय? ये चिखलान!"

आता हा पँट सांभाळत मागे सरणार, असं सफाला वाटलं. नावेदनं बूट काढले आणि सरळ उतरला. भगदाड बुजेपर्यंत मान वर केली नाही. बांधावर भिजत उभ्या सफाला वाटलं, या माणसाकडे जन्मभर असंच पाहत बसावं.

तो वर आला. "बोला. घेऊ?"

तिनं नुसतं हो म्हटलं असतं तर तो इथंच राहिला असता.

"घेऊ नका," सफा म्हणाली. "घराला परवानगी मिळायची नाही. एका बहिणीचा नकार आहे. आणि हा बांध पुन्हा फुटणार."

"मग मला जावं लागंल... ठाऊक हाय ना?"

"हाय," ती म्हणाली. वकिली भाषा कुठल्या कुठे पळाली.

"मी राहावं असं वाटत नाय तुम्हाला?"

"वाटतं! म्हणून काय तुमचं घर पाण्यात जाऊ देऊ?"

नावेद हळूच म्हणाला, "घर नसलेल्याला पोरगी कोण देतो? त्यासाठीच तर ही धडपड."

"असा कायदा नाही कुठे."

"नक्की?"

"मी वकील आहे."

तो हसला, चिखलाचे हात मागे लपवत. "गॅरेज भाड्याच्या शेडमध्ये बी चालतं. मस्कतला 'येत नाय' म्हणून कळवतो. पण... भाड्याच्या खोलीत राहशील, सफा?"

सफानं खालाकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघतेस गो? त्याला सांग!"

"राहीन," सफा म्हणाली. "पण मी वाचल्याशिवाय भाडेकरारावर सही करायची नाही."