बॅटरी, चार मजले वर

उणे एक्कावन्न अंशांच्या त्या सकाळी नारियानाने सहाव्यांदा चावी फिरवली, आणि गाडी आजारी गायीसारखी कण्हून गप्प झाली. ती सातव्यांदा फिरवणार, तोच कुणीतरी काचेवर टकटक केलं.

बाहेर एक माणूस उभा होता. फरची टोपी, नाकापर्यंत मफलर... दिसत होते फक्त डोळे, आणि पापण्यांवर साचलेलं पांढरं हिम.

"थांबा. बॅटरी संपवताय तुम्ही."

नारियाना जनावरांची डॉक्टर. लेना नदीपलीकडच्या कुरणावर लांडग्याने फाडलेली एक घोडी तिची वाट बघत होती, आणि हा बाबा म्हणतो थांबा! गावी तिच्या वडिलांचा ट्रक सबंध हिवाळा रात्रंदिवस सुरूच ठेवलेला असे. त्यामुळे थंड पडलेली गाडी जागी कशी करायची हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. सायबेरियातल्या याकुत्स्क शहरात येऊन तिला तीन आठवडे झाले होते.

त्याचं नाव एरचिम. पलीकडच्या गल्लीत त्याचं गॅरेज होतं. त्याने आपली गरम बॅटरी आणून लावली, इंजिनखाली गरम हवेचा पाइप सोडला आणि निवांत उभा राहिला. ती घड्याळ बघत होती, तो गाडीच्या धुराच्या नळीतला बर्फ खरवडत होता. नळी तुंबली तर विषारी धूर आत येतो, एवढंच तो बोलला. अर्ध्या तासाने गाडी सुरू झाली, तर म्हणाला, पंधरा मिनिटं तापू द्या. दात-ओठ खात तिने तीही दिली. घोडी मात्र वाचली.

त्या दिवसापासून नारियानाच्या मागे शिक्षाच लागली. एरचिमच्या हुकमाने रोज संध्याकाळी बॅटरी काढायची, ती गारठू नये म्हणून चार मजले चढून घरात न्यायची. लिफ्ट अर्थातच बंद. मग इंजिनवर जाड गोधडी, विजेचा हीटर. सकाळी पुन्हा उतरायचं, तर एरचिम हजर! चावी दहा सेकंदांच्या वर नाही, मग मिनिटभर दम. गाडीखेरीज त्याच्या तोंडून अवाक्षर निघेल तर शपथ. ती वैतागायची... आणि तो एखाद्या दिवशी आला नाही, तर दुप्पट वैतागायची.

जानेवारीत एका सकाळी वीज गेली. हीटर थंड. तिला घाई होती, म्हणून शेजाऱ्याचा स्टोव्ह पेटवून ती तो इंजिनखाली सरकवू लागली. पुढच्या क्षणी कुणीतरी तिला कॉलर धरून मागे ओढलं आणि स्टोव्ह लाथेने बर्फात उडवला.

"वेडी आहेस का तू? खाली तेल गळतंय, दिसत नाही? पेट घेतला असता म्हणजे... मी काय करायचं होतं?"

मफलर घसरला होता. इतक्या दिवसांत तिने त्याचा चेहरा पहिल्यांदाच पुरता पाहिला. त्याने तिला 'तू' म्हटलं होतं, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. तो वळला आणि तरातरा निघून गेला.

चार दिवस तो फिरकला नाही. पाचव्या दिवशी बॅटरी पोटाशी धरूनच नारियाना त्याच्या गॅरेजात शिरली. आत छान ऊब होती. तीन गाड्या ओळीने उभ्या, आणि चौथी जागा... झाडून-पुसून रिकामी.

"ही जागा कुणाची?"

"कुणाचीच नाही," तो हातातल्या पान्याकडे बघत म्हणाला. "डिसेंबरपासून रिकामी आहे."

"डिसेंबर? आणि मी ही धोंड रोज चार मजले वाहतेय! तोंड शिवलं होतं का तुझं?"

"गाडी इथे आली असती," तो पुटपुटला, "तर रोज सकाळी तुझ्या अंगणात यायला मला कारण काय उरलं असतं?"

नारियानाचे डोळे संतापाने भरून आले. निदान तिने स्वतःला तरी तसंच सांगितलं. मग तिने बॅटरी त्याच्या हातांत अशी कोंबली की तो दोन पावलं मागे गेला.

"नको मला तुझी जागा. गाडी माझ्या अंगणातच राहील," ती म्हणाली. "पण हे ओझं आता तू वाहायचंस. सकाळी खाली... संध्याकाळी वर. रोज. कळलं?"

एरचिमने मान डोलावली. बॅटरी खांद्यावर घेऊन तो तिच्या घराच्या दिशेने चालूही लागला होता.