डब्याची ऊब

दोघी बहिणी दोन विमानतळांवर कॅन्टीन चालवायच्या. विमानतळ आपलं म्हणायचं. एक धावपट्टी, एक पत्र्याची शेड आणि एक कंटाळलेलं मांजर. रस्त्याने एकीकडून दुसरीकडे जायचं तर दोन दिवस हाडं खिळखिळी व्हायची. छोट्या विमानाने तीन तास. ते विमान थोरलीचा नवराच चालवायचा, म्हणून ती त्याच्याबरोबर धाकटीला रोज डबा पाठवायची. निघताना तो भाजी चाखून हमखास म्हणायचा, "मीठ कमी आहे." नवरा असाच असतो, म्हणून ती सोडून द्यायची.

डबा पोहोचला की धाकटी त्यावर तळहात टेकवून फोन करायची. "कोमट" म्हणजे वारा पाठीशी होता. "गार" म्हणजे समोरून, प्रवास लांबला. पण नवरा सुखरूप उतरला, एवढं त्यातून कळायचं आणि थोरलीच्या जिवात जीव यायचा. मग ती गुणगुणत कपबशा विसळायला घ्यायची.

त्या हिवाळ्यात एकदा धाकटी म्हणाली, "ताई, आज चक्क गरम!"

संध्याकाळी परतल्यावर नवऱ्याने खांदे उडवले. "घड्याळात तर तीन तासच झाले."

पुढच्या आठवड्यात डब्याला हात लावताच धाकटीची बोटं भाजली. थोरलीला मजा वाटली. बहीण जणू भिंतीपलीकडे राहायला आली होती. सुख दारात आलंय, त्याची उलटतपासणी कशाला घ्या?

मग एका सकाळी दाट धुकं पडलं. विमान शेडसमोर उभं, नवरा कॅन्टीनमध्ये चहापुढे बसलेला, डबा गल्ल्याशेजारी. फोन वाजला.

"ताई, झाकण उघडलं तर वाफ आली गं! आणि आज भाऊजी डबा देऊन लगेच परतले नाहीत. इथेच जेवताहेत."

थोरलीने डब्याकडे पाहिलं. त्यावर बांधलेल्या टॉवेलाची गाठ तशीच होती. तिने फोन नवऱ्याच्या कानाला लावला.

पलीकडे कुणीतरी घास गिळला आणि म्हणालं, "मीठ कमी आहे."

नवऱ्याने फोन ठेवला. "आज उडत नाही," एवढंच तो म्हणाला.

तिला रडूच आलं, पण आनंदाचं. काय व्हायचं होतं कोण जाणे, पण ते टळलं होतं आणि माणूस हाताशी होता. दुपारीच कॅन्टीन बंद करून दोघं घरी आली. तोच डबा उघडून शेजारी शेजारी बसून जेवली. नवऱ्याने सगळी भाजी निमूटपणे संपवली. सुधारला म्हणायचा, असं वाटून ती मनाशी हसली.

संध्याकाळी धुक्यात वरून इंजिनाचा आवाज गेला. ओळखीचा.

"अहो, हे तर तुमचं विमान."

त्याने उठून दाराची कडी लावली.

बऱ्याच वेळाने बाहेर पायपुसण्यावर बूट घासल्याचा आवाज आला. आधी डावा, मग उजवा, मग पुन्हा डावा. इतकी वर्षं रोज ऐकलेला.

"अगं, दार उघड," बाहेरून नवऱ्याचा आवाज आला. "दमलोय. आणि भाजीत मीठ कमी होतं हं आज."

शेजारी बसलेला हळूच म्हणाला, "उघडू नकोस."

तिने त्याच्या हातावर तळहात टेकवला.

गार.