अर्ध्या मार्काचा माणूस

कोर्बिनियान माझ्याशी पहिलं वाक्य बोलला ते असं — "पेन्सिल खिशात घाल. नाहीतर पेपर काढून घ्यावा लागेल."

ऑक्टोबर संपत आला होता. डॅन्यूबवरचं धुकं थेट कॉलेजच्या खिडक्यांना येऊन टेकलं होतं, आणि आत आम्ही अकरा नापास मंडळी आपापले तपासलेले पेपर बघत बसलो होतो. निकालानंतर असा एक अर्धा तास देतात आम्हाला. पेपर बघा, उसासे टाका, मार्कांसाठी हुज्जत घाला, पण हातात पेन-पेन्सिल नको. न जाणो, कुणी हळूच उत्तरच दुरुस्त केलं तर? मी काही दुरुस्त करणार नव्हते हो. मला विचार करताना पेन्सिल चघळायची सवय आहे, एवढंच. पण राखणीला उभा असलेला हा उंच, तांबूस दाढीचा मुलगा माझ्याकडे असा बघत होता, जणू मी बँक फोडतेय.

"चघळतेय फक्त," मी म्हटलं.

त्याने थोडा विचार केला. खरंच केला. "मग टोक तोंडातच राहू दे. बाहेर दिसलं की मला लिहून घ्यावं लागतं."

एरवी मला हसू आलं असतं. पण माझ्या पेपरवर लाल शाईत साडेचव्वेचाळीस लिहिलं होतं आणि पास व्हायला पंचेचाळीस लागतात. मेकॅनिक्समध्ये मी दुसऱ्यांदा उडाले होते. तिसरी वेळ शेवटची. तिसऱ्यांदाही गेले की ऑटोमोबाईल इंजिनीअरिंग माझ्यासाठी संपलं. या कॉलेजातच नव्हे, अख्ख्या जर्मनीत कुठेही मला ही पदवी घेता येणार नव्हती. पार उत्तरेला, समुद्राजवळ, बाबांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. आमची वीबके गाड्यांची इंजिनीअर होणार, हे त्यांनी गावभर सांगून ठेवलेलं. जो माणूस वर्षभरात शंभर वाक्यं बोलत नाही, त्याने त्यातली निम्मी यावर खर्च केली होती.

अर्धा मार्क गेला होता चौथ्या प्रश्नात. ब्रेकचं पेडल. आकडा माझा बरोबर होता, अगदी दशांशापर्यंत. पण आकृतीत एक बाण राहिला होता. पेडल ज्या पिनवर फिरतं ती पिन पेडलला उलटा जोर लावते, तो दाखवणारा बाण. शेजारी लाल शाईत वजा अर्धा.

मी त्या दाढीवाल्याला हाक मारली. तो माझ्यापेक्षा दोन वर्षं पुढे होता आणि मेकॅनिक्स शिकवणाऱ्या हाल्हूबर मॅडमचा मदतनीस म्हणून काम करायचा, हे तेवढ्यात शेजारणीने सांगितलं. त्याने पेपर हातात घेतला, बराच वेळ बघत राहिला. का कोण जाणे, कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या.

"बाण नाहीये," तो म्हणाला. "मार्क देता येणार नाही."

"अरे, पण उत्तर बरोबर आहे ना?"

"उत्तर बरोबर आहे. पेडल हवेत आहे."

आणि मग — मला सांगायला लाज वाटते — दारात बोट चेमटलं तरी न रडणारी मी, तिथे सगळ्यांसमोर रडले. तो बिचारा गडबडला. खिसे चाचपले, आणि रुमाल म्हणून वर्कशॉपमधलं एक फडकं पुढे केलं. त्याला ग्रीसचा वास येत होता. मी त्यातच नाक शिंकरलं.

"गुरुवारी चार वाजता मी गाडीच्या हॉलमध्ये असतो," तो पेपरकडे बघत म्हणाला. "तू आलीस तर... म्हणजे, शिकवेन मी. तुला हवं असेल तर."

मला वाटलं, दया आली असेल. आणि दया तर दया, मला कुठे निवडायची सोय होती?

गाडीचा हॉल म्हणजे आमच्या कॉलेजच्या मुलांनी स्वतः बांधलेली शर्यतीची गाडी जिथे असते ती जागा. रबराचा वास, जळकी कॉफी, आणि कायम बिघडलेला हीटर. पहिल्या गुरुवारी कोर्बिनियानने पुस्तक उघडलंच नाही. गाडीचं पेडल सोडवून माझ्या हातात ठेवलं आणि विचारलं, याला आतापर्यंत कोण धरून होतं? मी म्हटलं, पिन. मग म्हणाला, आता पिन नाही, तर पेडल तिथेच राहावं म्हणून तुझ्या हाताला कुठून कुठे जोर लावावा लागतोय? मी दाखवलं. तो म्हणाला, झाला की बाण.

आता बघा, बारा वर्षांची असल्यापासून मी गिअरबॉक्स खोलून परत बसवतेय. माझ्या हातांना सगळं कळतं. कागद समोर आला की मात्र डोक्यात धुकं. त्या मुलाने माझ्या हातांतलं शहाणपण कागदावर उतरवायला घेतलं, एकेक बाण करून. न चिडता. मी चिडायचे, तो थांबायचा.

दुसऱ्या गुरुवारी फी म्हणून मी आमच्याकडचा चहा घेऊन गेले. तळाशी खडीसाखर, वरून कढत चहा, मग कडेने अलगद सोडलेली साय. आणि ढवळायचं नाही. त्याने ढवळला. मी त्याच्या हातावर चमचा मारला. मग शहाण्यासारखा प्यायला. मी परत ओतला, तोही प्यायला. तिसरा, चौथा... सहा कप झाले तेव्हा मला राहवेना, विचारलं, तुला एवढा आवडला? तर म्हणाला, आवडला खरा, पण तू ओतायचं कधी थांबणार? आता त्याला काय माहीत, की पुरे झालं की चमचा कपात उभा ठेवायचा, तोवर आमच्याकडे ओतणारी थांबत नाही. मी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी राहिले. तो हसला नाही. नुसता बघत राहिला माझ्याकडे, आणि मग उगीचच उठून हीटरला लाथ घातली.

हे असं चालू झालं. मी यायच्या आधी माझी खुर्ची हीटरजवळ सरकवलेली असायची. विचारलं तर म्हणे झाडणाऱ्यांनी सरकवली असेल. माझ्या बोटांना ग्रीस लागलं की फडकं आपोआप हाताशी यायचं. कधी एकाच पानावर दोघांच्या पेन्सिली चालायच्या, मनगटाला मनगट लागायचं, आणि दोघंही मान वर न करता तोच बाण पुन्हा गिरवायचो... कितीतरी वेळ. त्या नोव्हेंबरात तो मॅडमच्या मजल्यावर दिसेनासा झाला. मी विचारलं तेव्हा म्हणाला, तिथलं जरा कमी केलंय, गाडीचं काम वाढलंय. मला बरंच झालं.

या सगळ्यात एक माणूस मात्र मी सोडला नव्हता. ज्याने माझा अर्धा मार्क कापला तो. मॅडमचे तीन-चार मदतनीस पेपर तपासतात, मग मॅडम सही करतात. त्यातला कुठला ते कळत नाही. मी त्याचं नाव ठेवलं होतं अर्धवट. गणित अडलं की मी अर्धवटाचा उद्धार करायचे. त्याचे ब्रेक उतारावर निकामी होवोत. त्याचा चहा कायम कोमट असो. कोर्बिनियान मान खाली घालून ऐकून घ्यायचा. मला वाटायचं, सभ्य आहे, कुणाला शिव्या देत नाही.

परीक्षेच्या आधीचा शेवटचा गुरुवार आला. बाहेर बर्फ आणि पाऊस एकत्रच पडत होता, पत्र्यावर नुसता चिखल आपटल्यासारखा आवाज. त्या दिवशी मी सहाच्या सहा गणितं सोडवली, एकही बाण न विसरता. खूश होऊन म्हटलं, तो अर्धवट आता समोर यायला हवा होता.

कोर्बिनियानने पेन्सिल खाली ठेवली.

"तो मी आहे, वीबके."

मला आधी कळलंच नाही.

"चौथा प्रश्न मी तपासला होता. सगळ्यांचा. तुझा अर्धा मार्क मीच कापला. पेपरवर नाव नव्हतं, फक्त नंबर... त्या दिवशी तू हाक मारलीस तेव्हा कळलं की तो नंबर तू आहेस."

पत्र्यावरचा आवाज केवढा मोठा होता, ते मला तेव्हा ऐकू आलं. तीन महिने. तीन महिने हा माझ्या शिव्या खात, माझा चहा पीत समोर बसला होता.

"म्हणजे हे गुरुवार प्रायश्चित्त होतं तुझं?"

"पहिला होता," तो म्हणाला. "बाकीचे —"

मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. वह्या उचलल्या आणि निघाले. सायकलवर रडले, नीट, मोठ्याने. त्या पावसात कुणाला कळतंय? राग मार्काचा नव्हता. माझं त्याच्यावर प्रेम जडलं होतं, आणि तो माझं देणं फेडत होता, असं वाटलं म्हणून जीव जळत होता.

पुढचे पाच दिवस एकटीने अभ्यास केला. एका संध्याकाळी बाबांना फोन लावला आणि आजवर लपवलेलं सांगून टाकलं — ही शेवटची खेप आहे, एका बाणापायी माझी ही दशा झालीये, आणि तो कापणारा मुलगा असा नि असा आहे. मग बाबा म्हणाले, "पिनचा जोर दाखवलाच नव्हतास?"

"नव्हता."

"माझ्या गॅरेजातून कुणी असं पेडल बसवून गाडी बाहेर काढली असती, तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं." मग म्हणाले, "आणि पोरी, नापास झालीस तरी घर इथेच आहे."

परीक्षा दिली. तीन आठवड्यांनी निकाल लागला. साडेपंचेचाळीस.

पास. ग्रेड चार, म्हणजे अगदी काठावर. आमच्या वर्गात म्हणतात, चार म्हणजे पास, पास म्हणजे चांगलं, चांगलं म्हणजे जवळजवळ एक नंबर. मैत्रिणी नाचत होत्या, बाबा फोनवर चक्क गात होते. मी मात्र त्या आकड्याकडे बघत बसले. साडेपंचेचाळीस. अर्धा मार्क जास्त. तेव्हा कापलेला अर्धा मार्क कुणीतरी आता परत तर नसेल केला? मला भीक घालून? तसं असेल तर ती पदवी मला बोचत राहिली असती जन्मभर.

म्हणून पेपर बघायच्या दिवशी नापास मंडळींच्या रांगेत पास झालेली मी एकटी उभी राहिले. हाल्हूबर मॅडम म्हणजे साठीच्या, बारीक केस कापलेल्या, कमी बोलणाऱ्या बाई. मी विचारून टाकलं, माझा पेपर कोर्बिनियानने तपासला का?

"तुमचा पेपर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मी तपासलाय," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला मिळाला त्यातला एकही मार्क कुणाची मेहेरबानी नाही. तिसऱ्या प्रश्नात तर मी जरा कडकच होते. आणि कोर्बिनियान... त्याने सात नोव्हेंबरपासून या विषयाच्या एकाही पेपरला हात लावलेला नाही. ते काम त्याने सोडलं."

मी म्हटलं, का?

मॅडमनी कपाटातून फाइल काढली, मग जरा विचार केला आणि परत आत ठेवली. "कागद दाखवता येणार नाही. पण तुमच्याबद्दलच आहे, तेव्हा सांगते. परीक्षेला बसणाऱ्या कुणाशी तपासणाऱ्याचा संबंध असेल तर त्याने फॉर्म भरून कळवायचं असतं. कारणाच्या रकान्यात मुलं 'नातेवाईक' वगैरे एक शब्द लिहितात. याने लिहिलं होतं — वीबके यान्सनवर माझं प्रेम आहे, तिला अजून माहीत नाही." चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तीस वर्षांत असा फॉर्म मी पाहिला नव्हता. जा आता, रांग खोळंबलीये."

मी जिन्यावरून कशी उतरले ते मला आठवत नाही. कोर्बिनियान हॉलमध्ये गाडीखाली आडवा पडलेला, बूट तेवढे बाहेर. मी बुटांशेजारी जमिनीवर बसले.

"पास झाले," मी म्हटलं.

"माहितीये." आतून आवाज. "यादीत नंबर बघितला. रोज बघत होतो."

"तो अर्धा मार्क... तू बरोबर होतास. मीही कापला असता."

तो हळूहळू सरकत बाहेर आला. कपाळावर तेलाचा ओघळ. डोळ्यांत, मी बोलते की भांडते, याची वाट.

"सात नोव्हेंबरला तो फॉर्म दिलास," मी म्हटलं. "तेव्हा आपले गुरुवार किती झाले होते?"

"दोन."

"दोनच?"

"नियम आहे. नुसती शंका असली तरी आधी कळवायचं."

"मग... शंका होती?"

"नाही," तो म्हणाला. "शंका नव्हती."

मी आवाज चढवून म्हटलं, "अख्ख्या हिवाळ्यात मला एका शब्दाने सांगितलं नाहीस."

"लेखी दिलं होतं ना," तो केविलवाणा होऊन म्हणाला. "दुसऱ्या बाईंना दिलं, एवढंच."

मी त्याची कॉलर धरली, दोन्ही हातांनी, आणि म्हटलं, आता मला सांग. तो माझ्याशी नेहमी जपून, पुस्तकातली भाषा बोलायचा. त्या दिवशी पहिल्यांदा तो त्याच्या डोंगराकडच्या गावच्या बोलीत बोलला, भराभर, न थांबता. आम्हा समुद्राकडच्या माणसांना त्या बोलीतलं निम्मं कळत नाही. मला सगळं कळलं.